शेकीचा मुकुट

आमच्या टिरोलच्या डोंगरात सप्टेंबरअखेर गाई वरच्या कुरणांवरून घरी येतात, त्या फुलांचे मुकुट घालून. पण घरातलं माणूस किंवा कळपातलं जनावर दगावलं असेल, तर फुलं नाहीत, घंटा नाहीत. गाई मुकाट उतरतात, आणि ते बघायला पाहुणे येत नाहीत.

यंदा पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आमच्या सगळ्या खोल्या महिनाभर आधीच भरल्या होत्या. शनिवारी दुपारी कळप गावात शिरला, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक फोन उंचावून उभे होते. सगळ्यांत पुढे आमची शेकी, डोक्यावर हातभर उंच मुकुट.

घरासमोर येताच ती थांबली. दरवर्षी बाबा खिडकीतून वाकून तिला पाव भरवतात.

"म्हातारा कुठाय रे?" शेजारच्या लोइसकाकांनी विचारलं. "बायकोचा वाढदिवस विसरेल, पण शेकीचा पाव नाही विसरणार."

"गोळी घेऊन झोपलेत," माझी बायको बुर्गी घाईघाईने म्हणाली.

शेकी बंद खिडकीकडे बघत राहिली. मागे सगळा कळप खोळंबला. शेवटी मीच पाव घेऊन पुढे झालो. तिने माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. पाहुणे हसले, फोटो निघाले.



त्याच हाताने सकाळी मी बाबांचे डोळे मिटले होते, आणि मग वर कुरणावर जाऊन शेकीच्या डोक्यावर मुकुट बांधला होता.