तार सोडायची वेळ

"ताई, हे रोप कुंडीत नाही, जमिनीत आहे. भराभर जाड होणार. दर महिन्याला तार सैल करा," माझ्या अंगणात बोनसायसाठी लावलेल्या रोपाला तार गुंडाळून वळण देताना रोपवाटिकेतले काका म्हणाले होते.

"काका, मी लेकुरवाळी आहे. वाढ म्हणजे काय ते मला सांगताय?"

दर रविवारी दारावर लेकीच्या उंचीची रेघ मारणारी बाई मी!

सहा महिन्यांनी बघते तर तार सालीत रुतलेली. पक्कड घेऊन कापायला बसले, तेवढ्यात लेक रडत आली. "आई, बूट नको."

"रोजची नाटकं तुझी!" म्हटलं खरं, पण रुतलेल्या तारेवर हात थबकला. बूट काढला. अंगठा लालबुंद.

वर्षभरात दारावरची रेघ चार बोटं वर गेली होती. बूट मात्र तेच.

तुमच्याकडचं पिल्लू बूट घालताना रडतंय? ओरडण्याआधी त्याचा अंगठा तेवढा बघा.