तीन वर्षांची मुदत

वकीलबाईंनी कागदावर दोन तारखा लिहिल्या आणि बोटांवर वर्षं मोजली. “तेव्हा मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता. जे कलम लागलं असतं, त्याला तीन वर्षांची मुदत. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. म्हणजे बाराव्या वर्षी मुदत संपली.”

बाराव्या वर्षी घरचे मला एकटीला रस्ता ओलांडू देत नव्हते. कोर्टात मी कुणाचा हात धरून जाणार होते?

जिचा धरायचा, ती आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. शिकवणीच्या सरांनी काय केलं, हे मी त्याच संध्याकाळी तिला सांगितलं होतं. “खोटं बोलतेस,” म्हणत तिनं माझ्या थोबाडीत मारली होती. अंगातला पिवळा फ्रॉक काढून घेतला होता. तो बोहारणीला देऊन पातेलं घेतलं, असं नंतर सांगितलं होतं.

आता तिनं पिशवीतून तोच फ्रॉक काढून टेबलावर ठेवला. खांद्यापाशी उसवलेला.

“धुतला नाही हो मी,” ती वकीलबाईंना म्हणाली. “लेक मोठी झाली की लागेल, म्हणून तसाच ठेवला.”

वकीलबाईंनी फ्रॉककडे पाहिलं, हात लावला नाही. “आजी, आता याचा उपयोग नाही.”

तीस वर्षं मी समजत होते, आईला माझं खोटं वाटलं. तिला तर सगळं त्याच संध्याकाळी पटलं होतं.

आई फ्रॉकची घडी घालू लागली. बाहीवर बाही नीट बसेना.

“मग आता देऊ का गं बोहारणीला?” तिनं मला विचारलं.