लाखेवरचा अंगठा

आईच्या सुरीची मूठ निघाली. बाबा गेल्यापासून अशी कामं माझ्याच गळ्यात पडतात, वर आईचं ऐकावंही लागतं, "त्यांच्या हातची मूठ दहा वर्षं हलली नव्हती हो!"

मुठीच्या भोकात लाख भरली, पात्याचं शेपूट गॅसवर लाल करून आत खुपसलं. वर आलेली गरम लाख, बाबा दाबायचे तशी, ओल्या अंगठ्याने दाबली. चटका बसलाच.

लाख थंड झाल्यावर तिच्यावर ठसा दिसला. ठशाच्या मधोमध तिरकी चीर होती.

माझा अंगठा गुळगुळीत आहे. चीर बाबांच्या अंगठ्यावर होती, लाकूड तासताना पटाशी लागल्याची.

मी लाख पुन्हा वितळवली आणि या वेळी चमच्याने दाबली. तरी तोच ठसा, तीच चीर.

तिसऱ्यांदा वितळवली, तेव्हा मी हातच लावला नाही. सुरी ओट्यावर ठेवली आणि आम्ही मायलेकी बघत राहिलो. मऊ लाख आपोआप, अंगठ्याएवढी, हळूहळू खाली दबली.

मी परत गॅस पेटवायला गेले, तर आईने माझं मनगट धरलं. ती त्या लाखेवर फुंकर घालत होती.

"पुरे कर गं आता," ती म्हणाली. "किती चटके देशील त्यांना?"