दीडशेवा प्राणी

“धुरकट कोल्हा तुम्हालाच पायजे ना?” दारातल्या अनोळखी माणसानं विचारलं, आणि मच्छिंद्र खुर्चीतून उठलाच.

नवीन जालन्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासात तो शिकवायचा. दोन हजार चारचा एप्रिल. दुपारची बॅच नुकतीच सुटली होती. हातात मावणाऱ्या एका व्हिडिओ गेमचं त्याला वेड होतं; त्यात दीडशे प्राणी गोळा करायचे असतात. त्याचे एकशे एकोणपन्नास झाले होते. शेवटचा कोल्हा त्याच्या गेममध्ये निघतच नव्हता. दोन गेम वायरनं जोडून, दुसऱ्याकडून बदलूनच तो मिळायचा. वय सव्वीस, घरी लग्नाची बोलणी चाललेली, आणि हा पठ्ठ्या कोल्ह्यासाठी झुरत होता.

त्यासाठीच त्यानं एक्सेलमध्ये तक्ता बनवला होता. जालन्यात हा गेम कोणाकोणाकडं आहे, कोणाकडं कोणता प्राणी जास्तीचा, कोणाला कोणता हवा. कोणी कोणाशी काय बदलायचं ते तक्ताच सांगायचा. गेम परदेशातून आणलेले, त्यामुळं घरंही तशीच पैसेवाली: डॉक्टर, सराफ, बियाण्यांचे व्यापारी. मे महिन्यात ही मंडळी पोरांना घेऊन गावाला जातात आणि सगळी योजना कोलमडते, हे ध्यानात आल्यावर त्यानं पत्त्याचा आणि जाण्यायेण्याच्या तारखांचा रकाना वाढवला. एका डॉक्टरांच्या पत्नी पुष्पाबाईंनी तर फोनवर सांगून टाकलं, आम्ही नसलो तरी गेम घरीच राहील, किल्ली शेजारच्या केशरबाईंकडून घ्या. मग किल्लीचाही रकाना झाला. बाकीच्यांनीही तो हौसेनं भरून दिला. सर आपलेच, त्यांच्यापासून काय लपवायचं?

टायपिंग शिकवणारी कौसल्या थट्टेनं म्हणाली होती की एवढं तर पोस्टमनलाही ठाऊक नसतं. मच्छिंद्रला उलट अभिमानच वाटला होता.

आलेला माणूस तीर्थपुरीचा होता, निदान तो तसं म्हणाला. पिशवीतून त्यानं गेम काढला तो उलटा धरून. कोल्ह्याचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलेलं. गेम भाच्याचा आहे म्हणाला, पण भाच्याचं नाव विचारल्यावर जरा थांबला. मच्छिंद्र आणखी खोदून विचारणार होता. तेवढ्यात स्क्रीनवर कोल्हा दिसला आणि तो सगळं विसरला.

बदल्यात काय हवं, असं त्यानं विचारलं. माणूस म्हणाला, तुमच्या त्या तक्त्याची एक प्रत द्या, बाकी काही नको. मच्छिंद्रला हसूच आलं. त्यानं शब्द दिला आणि वायर जोडली. त्याच्याकडचा एक साधा बेडूक तिकडं गेला, कोल्हा इकडं आला. दीडशे पूर्ण. दोन वर्षं गेली होती या खेळापायी. आनंदानं त्याचे डोळे भरून आले.

त्यानं प्रिंटर सुरू केला. पहिल्या कागदावर प्राण्यांची नावं उमटायला लागली, तसा माणसानं प्रिंटरवर अलगद हात ठेवला.

“सर, कागद कशाला वाया घालून राह्यले? जनावरायचं राहू द्या. पत्ता, तारखा अन् किल्ली, एवढंच बराबर छापा.”