अर्धी वाटी

आमच्या मर्गिलान शहरात पाहुण्याला चहा अर्धी वाटीच देतात. काठोकाठ भरली, तर समजायचं, आता उठा.

आमच्या ह्यांना पार्किन्सन झाल्यापासून निलुफर व्यायाम शिकवायला घरी येते. दार लावून दोघं तासभर खिदळत असतात. माझ्यासमोर मात्र ह्यांचा चेहरा दगडाचा. आज मी तिची वाटी काठोकाठ भरली. पोरगी उठून गेली.

ह्यांनी थरथरत्या हातांनी किटली उचलली आणि माझ्या वाटीत चहा ओतायला घेतला. म्हटलं, आता माझीही काठोकाठ भरणार.

धार बरोबर अर्ध्यावर थांबली.

"महिना लागला तिच्याकडून एवढं शिकायला," हे म्हणाले. "उद्या तिची वाटी अर्धीच भर."