हिरवा ठिपका

“काकू, तुमचं गेममधलं नाव?” टेबलामागच्या मुलानं विचारलं.

“माझं न्हाय बाबा, पोराचं. विजयसिंह. त्यो यायचाय. मी नुसती बघायला आलीया.”

मागच्या रांगेतली पोरं हसली. बायडाबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला दार दिसेल अशी जागा हवी होती. शेजारच्या घरातली मोना तिला गारगोटीहून घेऊन आली होती. तिनं तिला तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं.

हॉल कोल्हापुरातला, मार्केट यार्डाजवळचा. पुण्याच्या एका कंपनीनं आपला ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचा मेळावा ठेवला होता. भिंतीवर तलवारी घेतलेल्या राक्षसांची चित्रं लावली होती. पोरं एकमेकांना गेममधल्या नावांनी हाका मारत होती. तोंडं आज पहिल्यांदा बघत होती.

“तूच व्हय रं सेनापती? मला वाटलं पैलवान असशील.”

“आणि तुला आईनं डबा बांधून दिलाय की, राक्षसा.”

बायडाबाई आत येणारं प्रत्येक तोंड बघत होती. तीन वर्षं झाली. दाढी आली असेल. वाळला असेल.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, सयाजीनं, गावातल्या केरबाच्या नेट कॅफेत, हाच गेम खेळत बसला म्हणून, चारचौघांदेखत पोराच्या थोबाडीत मारली होती. पोरगं त्याच संध्याकाळी घर सोडून गेलं. चिठ्ठी नाही, फोन नाही. चार दिवसांनी सयाजी एकदा कोल्हापूरला जाऊन आला. “न्हाय गावलं,” एवढंच म्हणाला. पुन्हा कधी शोधायला म्हणून बाहेर पडला नाही. तेव्हापासून बायडाबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

तिला आधार होता एका ठिपक्याचा. खेळणारा कुठल्याही गावाहून गेममध्ये आला की त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागतो, हे तिला केरबानं सांगितलं होतं. रोज संध्याकाळी साडेसातला ती त्याच्या काउंटरशी जाऊन उभी राहायची. केरबा मॉनिटर तिच्याकडं फिरवायचा. ठिपका असायचा. म्हणजे पोरगं कुठंतरी आहे, धड आहे. मग ती घरी जाऊन चार घास खायची. सयाजी डेअरीत दूध घालायला गेलेला असायचा. तो उशिरा यायचा आणि झाकून ठेवलेलं ताट घेऊन एकटाच जेवायचा.

मेळाव्याची जाहिरात तिला मोनानं वाचून दाखवली होती. कंपनी जुनी नावं पुसून टाकणार होती. ज्याला आपलं नाव ठेवायचं असेल, त्यानं मेळाव्यात येऊन नोंद करायची होती. म्हणजे विजयसिंह येणारच. बायडाबाईनं घरी सांगितलं, आजऱ्याला बहिणीकडं जाते. सयाजीला खरं कळलं असतं तर तोही आला असता आणि बापाला बघून पोरगं दारातूनच मागं फिरलं असतं.

स्टेजवर सत्काराला सुरुवात झाली. मेळावा कोल्हापूरचा, म्हणून फेटे आणले होते. एकेक पोरगं वर जायचं, फेटा बांधून घ्यायचं, फोटो काढून घ्यायचं.

“आता तीन वर्षांत एकही दिवस न चुकवलेला खेळाडू,” माइकवरचा मुलगा म्हणाला. “विजयसिंह, गारगोटी.”

बायडाबाईनं मोनाचं मनगट घट्ट धरलं. दारात कुणी नव्हतं. तिनं मागं वळून बघितलं. शेवटच्या रांगेत खांबाआड आधीपासून बसलेला सयाजी उठत होता.

हा माणूस पोराला परत मारायला आला, असंच तिला वाटलं. पण सयाजीनं इकडंतिकडं बघितलं नाही. टोपी सारखी करत तो खाली मान घालून स्टेजवर चढला.

“काका, तुम्ही खेळता?”

“खेळत न्हाय. नाव लावतो आन् बसतो.”

हॉल हसला. फेटा बांधणारा पुढं आला. सयाजीनं त्याचा हात धरला.

“फेटा नको. नाव माझ्या पोराचं हाय. गेलेल्याचा फेटा बापानं कसा बांधून घ्यायचा?”

हसू थांबलं. माइक त्याच्या तोंडाशीच होता.

“मग रोज कशासाठी, काका?”

“घरची येती बघायला. हिरवं दिसलं तर जेवती, न्हायतर न्हाय. त्या कॅफेत मागं पडदा लावलेलं काँप्युटरचं खोकं हाय. मी त्यात बसतो. ती काउंटरवरनं गेली की मग उठतो.” त्याला एवढं बोलायची सवय नव्हती. “मागं हितं आलतो तवाच पोलिसांनी कळंब्याच्या तळ्यातनं काढून मला दाखवलंय त्याला. पंचगंगेवर अग्नी देऊन एकट्यानंच सगळं उरकलं. तिला सांगायचं धाडस झालं न्हाय. तुमच्या पाया पडतो, तेवढं नाव पुसू नका.”

माइकवरच्या मुलानं कंपनीच्या साहेबांकडं बघितलं. साहेबांनी लगेच मान हलवली. नाव राहील म्हणाले, कायमचं राहील.

तिसऱ्या रांगेत कडेला बायडाबाई उभी राहिली. सयाजीला ती आत्ता दिसली.

मोना तिला खाली बसवायला लागली. ती बसली नाही.

“पुसा त्ये नाव,” ती साहेबांना म्हणाली. “आणि ह्यास्नी खाली सोडा. आमचं दोघांचं रडायचं राह्यलंय.”