चौदाव्या घराची मोरी

सांडपाणी केंद्राच्या फलकावर सकाळी अक्षरे उमटली: ‘घर क्रमांक चौदा. गर्भ टिकला नाही.’

चौदाव्या घरातल्या अनसूयाबाई तडक केंद्रात, तिथलं यंत्र सांभाळणाऱ्या निवृत्तीकडे गेल्या. “निवृत्ती, ते आधी पूस.”

“काकू, यंत्र प्रत्येक मोरीचं पाणी तपासतं आणि तेच लिहितं. गावाच्या आरोग्यासाठीच आहे ते.”

“तिसरा महिना सरेपर्यंत आम्ही शेजारणीलाही कळू देत नाही. सून अजून रडते आहे आणि दारात बायका सांत्वनाला बसल्या आहेत! यंत्राला लाज नाही, तुला तरी असावी. मी मोरीच तोडते.”

“मग फलकावर ‘घर रिकामे’ येईल. रेशन बंद होईल.”

“होऊ दे.”

घरी येऊन त्यांनी स्वतः पहार घेऊन मोरीचा पाइप फोडला आणि पाणी परसातल्या केळींकडे वळवले. सांत्वनाला आलेल्या बायका ते पाहून उठल्या आणि पहारी शोधायला आपापल्या घरी गेल्या. दिवस मावळेपर्यंत फलकावरची बावीस घरे रिकामी झाली होती.